एका खुर्चीचे नाट्यगृह

‘होम थिएटर’ हा जोडशब्द आता मराठीत इतका रुळला आहे की त्यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घर आणि नाट्यगृह या दोन वास्तू मुळात वेगवेगळ्या हेतूंनी उभारल्या जातात. नाट्यगृहात शेकडो माणसे एका दिशेला तोंड करून, काळोखात, न बोलता बसतात. घरात चार माणसे चार ठिकाणी बसतात, मधूनच कोणी उठून गॅसवरचे दूध पाहून येते आणि दारावरची घंटा वाजली की सर्वांचेच लक्ष उडते. अशा घरात नाट्यगृह आणून बसवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? मोठा पडदा लावला आणि पाच-सहा स्पीकर मांडले की काम झाले, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. पण हे स्पीकर पाचच का, ते अमुकच कोनात का ठेवावयाचे, चित्राच्या बरोबर खाली एक जादा स्पीकर कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत नसतात. ती १८८१ पासूनच्या इतिहासात आहेत, आणि तो सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. उत्तम जागा किती जणांना मिळणार, हा तो प्रश्न होय.

१८८१ साली पॅरिस येथे विद्युत्-विषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर, पाददीपांच्या रांगेत, डाव्या व उजव्या बाजूंना टेलिफोनचे ध्वनिग्राहक बसविले आणि त्यांच्या तारा शहराच्या भुयारी गटारांतून दोन किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या प्रदर्शनगृहात नेल्या. तेथे प्रत्येक श्रोत्याच्या हाती दोन दोन रिसीव्हर देण्यात येत. डाव्या कानाला डावीकडचा आवाज, उजव्या कानाला उजवीकडचा. आवाज इतक्या दूर पोहोचला याचे नवल कोणाला फारसे वाटले नाही, कारण टेलिफोन आता ऐकून माहीत झाला होता. नवल वाटले ते याचे की गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला तर ते डोळे मिटूनही कळत होते.

डावीकडून येणारा आवाज डाव्या कानावर किंचित आधी आणि किंचित मोठा पडतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवितो. आदेरच्या योजनेत हा फरक तारेतून जसाच्या तसा पोहोचत होता. पुढे १८९० पासून ‘तेआत्रोफोन’ या नावाने पॅरिसमध्ये हा रीतसर व्यवसायच झाला आणि वर्गणीदारांना घरबसल्या ऑपेरा ऐकावयास मिळू लागला. दम्याने घराबाहेर पडणे अवघड झालेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ साली असा वर्गणीदार झाला होता. घरातले पहिले नाट्यगृह म्हणावयाचे ते हेच. पण ते दोन कानांपुरतेच होते. शेजारी बसलेल्या माणसाला त्यातले काहीही ऐकू येत नसे.

भारतीय घरांत मुद्रित आवाज आला तो याच्या नेमक्या उलट वाटेने. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि पुढच्या काही वर्षांत ग्रामोफोनचा कर्णा दिवाणखान्यांतून बोलू लागला. या कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाला डावे-उजवे काही नव्हते. गायिका, सारंगी आणि तबला ही तिन्ही एकाच भोकातून बाहेर पडत. मात्र तो आवाज घरातल्या सगळ्यांना आणि चाळीतल्या शेजाऱ्यांनाही सारखाच मिळे. तेआत्रोफोनने दिशा दिली आणि माणसे एकेकटी केली. ग्रामोफोनने दिशा घालविली आणि माणसे जमविली. पुढच्या सर्व अभियंत्यांची धडपड या दोहोंची सांगड कशी घालावी यासाठी होती.

चित्राच्या बाबतीत हा प्रश्न प्रथम बोलपटाने उभा केला. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी हातात चित्र धरून गोष्ट सांगतो, तेव्हा चित्र आणि आवाज एकाच जागेवरून येतात. मूकपटाच्या काळात वादक पडद्याशेजारी बसत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पात्रे बोलू लागली. पात्र पडद्याच्या डाव्या कडेला उभे असो की उजव्या, त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येई. ते बोलते आहे याचेच अप्रूप एवढे होते की ते कोठून बोलते आहे इकडे लक्ष देण्याची गरज प्रेक्षकांना वाटली नाही.

ती वाटली लंडनमधील एका तरुण अभियंत्याला. त्याचे नाव ॲलन ब्लमलाइन. त्याच्या पत्नीने पुढे सांगितलेली आठवण अशी की दोघे बोलपट पाहावयास गेले असता त्याने तिला विचारले, पात्र एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे तुझ्या ध्यानात आले का? आवाज माणसाच्या मागोमाग चालत जाईल अशी युक्ती आपल्याजवळ आहे, असेही तो म्हणाला. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ज्याला आज सर्व जग ‘स्टीरिओ’ म्हणते त्याचा जवळजवळ संपूर्ण आराखडा त्या एका अर्जात आहे. दोन ध्वनिग्राहक कसे लावावयाचे, एकाच तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कसे कोरावयाचे, चित्रपटाच्या फितीवर ते कसे उमटवावयाचे, हे सारे त्यात आले आहे. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम वाद्यवृंदाचे संचालन करीत असताना त्याने या पद्धतीने ध्वनिमुद्रण केले. १९३५ मध्ये पडद्यावर चालत जाणारी माणसे आणि हेज स्थानकातून धावणाऱ्या आगगाड्या यांचे प्रायोगिक चित्रपट केले. आवाज खरोखरच माणसाच्या मागोमाग चालत गेला.

पण बाजाराला त्याची गरज नव्हती. त्याच्या संस्थेने त्याला दूरचित्रवाणीच्या कामाला लावले, आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली तिच्या उभारणीत ब्लमलाइनचा मोठा वाटा होता. घराघरांत चित्र पोहोचविणारी आणि त्या चित्राला दिशायुक्त आवाज देणारी अशी दोन्ही विद्या एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. त्या एकत्र यावयास आणखी अर्धे शतक जावे लागले. ७ जून १९४२ रोजी विमानातील रडारची चाचणी घेत असताना ते विमान कोसळले आणि ब्लमलाइन मृत्यू पावला. तो अवघा अडतीस वर्षांचा होता. दोन भिंतींची खाच असलेल्या स्टीरिओ तबकड्या १९५७-५८ मध्ये बाजारात आल्या. तोवर त्याच्या पेटंटची मुदत संपून गेली होती.

या पद्धतीत एक उणीव होती, आणि तीच पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ आहे. स्टीरिओचे दोन स्पीकर व ऐकणारा हे समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर असले, तर दोन्ही स्पीकरमधून सारखा येणारा आवाज मधोमध उमटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तेथे काहीच नसते. तो कानांचा भास असतो. ऐकणारा हातभर डावीकडे सरकला की डावा स्पीकर जवळ आणि उजवा दूर होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या फरकाने एक सहस्रांश सेकंदाचे अंतर पडते. एवढ्यानेच मधला गायक आपली जागा सोडून डाव्या खोक्यात जाऊन बसतो. त्रिकोणाचे तिसरे टोक एकच असते. तेथे एक खुर्ची मावते, फार तर दोन.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत याच सुमारास हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी याच विषयावर काम करीत होते, परंतु त्यांच्यासमोर मोठे सभागृह होते. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि तो वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला जात होता. प्रसिद्ध संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वाद्यवृंदापुढे उभे न राहता वॉशिंग्टनमध्ये यंत्राच्या कळांपाशी बसले होते. ध्वनिग्राहक तीन, तारा तीन, स्पीकर तीन. मधला स्पीकर येथे आला तो कडेच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसाठी. मधला आवाज खरोखरच मधून आला, भास राहिला नाही, तर माणूस कोठेही बसला तरी तो मधूनच ऐकू येतो. ब्लमलाइनचे दोन आणि फ्लेचरचे तीन यांतील हा फरक आजही प्रत्येक घरात जसाच्या तसा आहे. एकट्याने संगीत ऐकावयाचे असेल तर दोन पुरतात, आणि मंडळींनी मिळून चित्रपट पाहावयाचा असेल तर तिसरा लागतो.

पुढचा वीस वर्षांचा इतिहास चित्रपटगृहांचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी आवाजाची वेगळी फीत आणि खास यंत्रसामग्री वापरण्यात आली. ती इतकी महाग होती की थोड्याच चित्रपटगृहांत बसली. दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी नेण्यास सुरुवात केल्यावर अमेरिकन निर्मात्यांनी पडदे रुंदावले. १९५२ मध्ये सिनेरामा सात आवाजांनिशी आला, १९५३ मध्ये ‘द रोब’ चार आवाजांनिशी. पडद्यामागे अनेक आणि प्रेक्षकांच्या बाजूंना व पाठीमागे एक किंवा दोन, ही मांडणी येथे रूढ झाली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’च्या ७० मिलिमीटर प्रतींवर असा सहा मार्गांचा आवाज होता, मात्र तशी सोय नसलेल्या गावोगावच्या चित्रपटगृहांत तो एकाच कर्ण्यातून ऐकला गेला, आणि गब्बरसिंगाचे काही बिघडले नाही.

या कथेतील दुसरा महत्त्वाचा माणूस रे डॉल्बी, आणि त्याच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा काळ भारतात गेला आहे. विद्यार्थी असतानाच तो अँपेक्स या कंपनीत जगातील पहिले व्यवहारोपयोगी व्हिडिओ-मुद्रणयंत्र बनविणाऱ्या गटात होता. ते यंत्र १९५६ मध्ये दाखविण्यात आले. केंब्रिज येथे डॉक्टरेट मिळविल्यावर १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रसंघातर्फे भारत सरकारचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगड येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत राहिला. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने आपली प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले काम फितीवरील आवाजामागे सतत चालणारी ‘स्स्स’ अशी खरखर दाबण्याचे होते.

खरखर दबली, आणि मग चित्रपटाच्या फितीच्या कडेला असलेल्या चिंचोळ्या पट्टीत दोन आवाज स्वच्छ मावू लागले. १९७० नंतर डॉल्बीच्या प्रयोगशाळेने त्या दोहोंत चार कोंबले. युक्ती अशी : जे दोन्ही मार्गांत सारखे आहे ते मधल्या स्पीकरकडे पाठवावयाचे, आणि जे दोहोंत परस्परविरुद्ध आहे, म्हणजे एका मार्गाने पडदा बाहेर ढकलावा त्याच क्षणी दुसऱ्याने आत ओढावा असे आहे, ते प्रेक्षकांच्या पाठीमागील स्पीकरकडे. उरलेले डावे व उजवे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत सर्वतोमुखी केली. तिचा एक परिणाम तिच्या जनकांच्या हिशेबात कितपत होता कोण जाणे, पण घरातील नाट्यगृह त्याच परिणामातून जन्माला आले. चार आवाज दोनांत लपलेले असल्यामुळे, जेथे जेथे त्या चित्रपटाची दोन मार्गांची प्रत जाईल तेथे तेथे पाठीमागचा आवाजही न सांगता सोबत जाणार होता.

घरात तोवर काय होते? भारतात दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. त्या वेळी ती आकाशवाणीचाच एक भाग होती, आणि सुरुवातीचे संच सामुदायिक होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. गावासाठी एक संच, आणि समोर जमिनीवर बसलेला गाव. उत्तम खुर्ची कोणती हा प्रश्नच तेथे नव्हता, कारण खुर्च्याच नव्हत्या. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा शहरांतही ज्याच्या घरी संच असे त्याच्याकडे शेजारी जमत. सतरंजीवर मुले, पलंगावर वडीलधारी, दारात उभे राहिलेले आणखी काही. संचाच्या अंगात हाताच्या पंज्याएवढा एक स्पीकर असे आणि तो सर्वांना पुरे.

१९७५ चे बीटामॅक्स आणि १९७६ चे व्हीएचएस या कॅसेटींनी चित्रपट घरात आणला खरा, पण आवाजाच्या बाबतीत ती मोठी गरिबी होती. गाण्याच्या साध्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसची फीत सुमारे २.३४ सेंटिमीटर. म्हणजे मोटारीत गाणी ऐकवणारी कॅसेटसुद्धा आवाजाला त्याहून दुप्पट वेगवान फीत देत होती! १९८३ पासून आवाजही चित्राप्रमाणे फिरत्या शीर्षाने मुद्रित करण्याची पद्धत निघाली तेव्हा ही गरिबी सरली. त्याच्या आधीच, १९८२ मध्ये, दोनांत लपलेले आवाज घरच्या घरी उलगडणारे यंत्र आले होते. मधला स्पीकर वेगळा काढणारी त्याची सुधारलेली आवृत्ती १९८७ मध्ये आली.

या यंत्रात एक सूक्ष्म अडचण होती. दोनांत चार कोंबलेले आवाज पुन्हा सुटे करताना पूर्ण सुटत नाहीत. पात्राचे बोलणे थोडेसे पाठीमागच्या स्पीकरमध्येही झिरपते. पाठीमागचा स्पीकर जवळ असेल तर नायिका समोर दिसावयाची आणि मानेमागे बोलावयाची. यावर उपाय सापडला तो हेल्मुट हास या जर्मन संशोधकाच्या १९४९ च्या प्रबंधात. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान पहिल्यालाच प्रमाण मानतो. दुसरा काहीसा मोठा असला तरी त्याची दिशा मेंदू विचारात घेत नाही. म्हणून पाठीमागचा आवाज सुमारे वीस सहस्रांश सेकंद थोपवून धरावयाचा. आजच्या यंत्रात प्रत्येक स्पीकरचे अंतर मीटरमध्ये भरावयास सांगतात ते याच नियमासाठी. पुष्कळ लोक तो रकाना अंदाजाने भरतात किंवा तसाच सोडतात, आणि मग नव्या यंत्राचा आवाज ‘विस्कटलेला’ असल्याची तक्रार करतात.

१९९२ मध्ये आवाज अंकरूपात आला आणि पाच मार्ग खरोखर स्वतंत्र झाले. सहावा मार्ग केवळ खर्जासाठी, म्हणून त्याला ‘पॉइंट वन’. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि हे पाच अधिक एक घरात उतरले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ सालीच मांडणीची शिफारस केली होती. मधला स्पीकर समोर, डावा-उजवा मध्यरेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे. या आकृतीच्या मध्यबिंदूवर एक डोके काढलेले असते. एकच.

हे कोन मनात ठेवून शहरातील एखाद्या घराची बैठकीची खोली पाहावी. दहा फूट रुंद, चौदा फूट लांब. मागील भिंतीला टेकलेला दिवाण. समोर लाकडी शोकेस. मागे भिंतच असल्यामुळे बाजूचे स्पीकर मागे जाऊच शकत नाहीत, आणि घरमालक पाचही स्पीकर शोकेसवर ओळीने मांडून मोकळा होतो. यात यंत्राच्या किमतीचा मोठा भाग वाया जातो. दिवाण भिंतीपासून दोन हात पुढे ओढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते अशक्य असेल तर बाजूचे दोन स्पीकर दिवाणाच्या दोन्ही अंगांना, बसलेल्या माणसाच्या कानाहून दोन-तीन फूट उंच लावावेत. पडद्याच्या अंतराचाही हिशेब आहे. जुना २० इंची संच चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरावरून, म्हणजे सुमारे सहा फुटांवरून पाहिला जाई. त्याहून जवळ गेल्यास रेषा दिसत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या संस्थेने नव्या दूरचित्रवाणीवर संशोधन आरंभले, तेव्हा चित्राने डोळ्यांसमोर सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा आणि अंतर उंचीच्या तिप्पट असावे, हे उद्दिष्ट ठरले. ५५ इंची पडद्यासाठी ते अंतर सुमारे दोन मीटर, म्हणजे पावणेसात फूट येते. दहा बाय चौदाच्या खोलीत ते सहज साधते. त्याहून मोठा पडदा तेथे हौसेसाठी असतो.

खर्जाची गोष्ट निराळी आहे. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते, बरोबर चौदा फुटी खोलीच्या दुप्पट. अशा खोलीत ती लहर दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतींपाशी तिचा जोर सर्वांत अधिक आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. परिणाम असा की दिवाणावर भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांच्या छातीत धडधडते, आणि मध्ये सतरंजीवर बसलेल्या नातवाला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. खर्जाचा डबा कोपऱ्यातून हलवून पाहणे, किंवा ऐपत असल्यास एकाऐवजी दोन डबे समोरासमोर ठेवणे, याने हा भेद पुष्कळ कमी होतो. उरलेल्या गोंगाटाला घरातील उघड्या भिंती आणि फरशा जबाबदार असतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन याने १८९५ पासून पुढे रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणून एका व्याख्यानगृहात पसरल्या आणि प्रत्येक वेळी आवाज किती सेकंदांत विरतो ते मोजले. त्या रिकाम्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. गादी, पडदा, पुस्तकांचे कपाट आणि स्वतः माणसे आवाज शोषून घेतात, हे शास्त्र त्या गाद्यांतून निघाले. घरात पाहुणे भरले की आवाज आपोआप सुधारतो तो यामुळेच.

संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी मात्र शेजारपर्यंत जाते, ही घरोघरीची तक्रार मधल्या स्पीकरशी निगडित आहे. चित्रपटातील जवळजवळ सर्व बोलणे त्या एका मार्गात असते. तो स्पीकर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबला, किंवा तो नसताना यंत्राला तो आहे असे सांगितले, तर शब्द हरवणारच. त्याची पातळी एक-दोन घरे वाढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, आणि रात्रीच्या वेळी मोठे-लहान आवाज जवळ आणणारी वेगळी कळही असते. ज्येष्ठांच्या कानांसाठी पाचव्या-सहाव्या स्पीकरपेक्षा या दोन गोष्टींचे मोल अधिक आहे. तीच गोष्ट ओठ आणि शब्द यांच्या मेळाची. नव्या पडद्यांना चित्र तयार करावयास किंचित वेळ लागतो, आणि आवाज पुढे धावतो. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत असे नमूद आहे की आवाज ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तरी माणसाला जाणवते, पण उशीर मात्र १२५ सहस्रांशांपर्यंत जाणवत नाही. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतरच पोहोचतो, याचा हा परिणाम असावा. मोठ्या चित्रपटगृहात पडद्यापासून तीस मीटरांवर शेवटच्या रांगेत बसलेल्यांना प्रत्येक शब्द सुमारे ८७ सहस्रांश सेकंद उशिरा मिळतो, आणि ती मंडळी समाधानाने घरी जातात.

२०१२ पासून चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरांत डॉल्बी ॲटमॉस ही नवी पद्धत आली आहे. तिच्यात आवाज अमुक स्पीकरसाठी म्हणून मुद्रित करण्याऐवजी तो अवकाशात कोठे आहे याचे निर्देशांक सोबत दिले जातात, आणि घरातील यंत्र आपल्याजवळच्या स्पीकरांप्रमाणे तो तेथे पोहोचविते. छतावर स्पीकर लावण्याची त्यात तरतूद आहे. पंख्याच्या शेजारी ते कसे दिसतील हा प्रश्न गृहिणींनी योग्य वेळी उपस्थित केला आहे. त्याहून उपयुक्त सुधारणा मात्र कमी गाजली. यंत्राबरोबर आता एक छोटा ध्वनिग्राहक येतो. तो बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज सोडते, अंतर व पातळी मोजते आणि खोलीचा दोष शक्य तेवढा भरून काढते. बऱ्याच यंत्रांत ही मोजणी एका जागेवर थांबत नाही. दिवाणाची दोन टोके, बाजूची खुर्ची, सतरंजीची जागा अशा सहा-आठ ठिकाणी ध्वनिग्राहक फिरवून सर्वांना मानवेल असा मध्यम मार्ग यंत्र काढते. अंतरे आणि पातळ्या मात्र पहिल्या मोजणीवरूनच ठरतात. म्हणून ध्वनिग्राहक प्रथम कोणाच्या जागेवर ठेवावयाचा, हे घरातल्या माणसांनी आधी ठरवून घ्यावे लागते.